हनीफच्या नावावरचा आवाज

मैमुना गेल्यावरही जमालुद्दीन तिचा फोन रोज चार्जिंगला लावत असे. साधा, बटणांचा फोन. त्यावर कुणाचा कॉल येणार होता अशातला भाग नाही. कोकणातल्या म्हसळ्यापासून सौदीतल्या यान्बूपर्यंत ज्यांना कळवायचं त्यांना कळवून झालं होतं. पण बायकोचा फोन आपल्या डोळ्यांदेखत बंद पडावा, हे त्याला सोसत नव्हतं. उमैर, त्याचा मुलगा, एकदा म्हणाला, "अब्बा, तो नंबर आता बंद करून टाकू या." त्यावर जमालुद्दीनने त्याच्याकडे असं पाहिलं की पोराने पुन्हा तो विषय काढला नाही.

जेद्दात, शराफियाच्या बाजारात जमालुद्दीनचं बॅगांचं दुकान. सुट्टीवर निघालेला कोकणातला माणूस आधी त्याच्याकडे येणार, बॅग पसंत करणार आणि मग उरलेल्या सामानाचं कार्टन बांधून घेणार. दोरी आवळता आवळता जमालुद्दीन त्याला सल्ले देणार: विमानतळावर काय सांगायचं, घरी पोचल्यावर आधी कुणाच्या हातात काय ठेवायचं, बायको रुसली तर काय करायचं. दुकानात त्याच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं. घरी मात्र बोलायचं सगळं खातं मैमुनाकडे. संसार तीसेक वर्षं असाच चालला आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणाचं काही म्हणणं नव्हतं, निदान जमालुद्दीनचं तरी नव्हतं.

मग एका दुपारी तिच्या छातीत जळजळायला लागलं. दोघांनी मिळून ते पित्त ठरवलं, ओवा चावला, गार दूध प्यायलं, आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दफन जेद्दातच झालं. इथल्या कबरस्तानात कबरीवर नाव लिहीत नाहीत. उशाशी एक साधा दगड, बाकी सगळीकडे सारखीच वाळू. दुसऱ्यांदा गेला तेव्हा जमालुद्दीनला रांग सापडली, पण दगड नेमका कुठला ते सांगता येईना. अंदाजाने एका जागी उभं राहून त्याने दुआ केली आणि घरी येऊन दोन दिवस दुकान उघडलं नाही.

तेव्हापासून त्याला तिचा आवाज ऐकायची तहान लागली. चेहरा होता, पासपोर्टवर होता, इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या कार्डावर होता. आवाज कुठेच नव्हता. तिच्या फोनमध्ये काही साठायची सोयच नव्हती. नवरा-बायको सगळा काळ एका छपराखाली, त्यामुळे एकमेकांना आवाज पाठवायची वेळही कधी आली नव्हती. मुलीच्या, फरहानाच्या लग्नाचा व्हिडिओ होता, पण त्या व्हिडिओवाल्याने सगळ्यांचे आवाज काढून वर शहनाई चढवलेली. मैमुना कुणाला तरी हातवारे करून, तोंडभरून काहीतरी सांगतेय आणि मागे नुसती पी-पी. जमालुद्दीनने ते पाहिलं आणि मनातल्या मनात त्या व्हिडिओवाल्याला अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि अशात एका संध्याकाळी मैमुनाचा फोन वाजला. मेसेज होता, अरबीत. जमालुद्दीनची अरबी बाजारापुरती, ती बोलायला चाले, वाचायला नाही. उमैर बंदरावरच्या एका कंपनीत कागदपत्रं बघायचा, त्याची अरबी पक्की. त्याने जेवता जेवता फोन हातात घेतला आणि वाचताना त्याचा घास तसाच राहिला.

"बलदियाकडून आहे," तो म्हणाला. बलदिया म्हणजे इथली नगरपालिका. "आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या फुटपाथची तक्रार मंजूर झाली. लवकरच काम सुरू होईल म्हणतात."

"तक्रार? कुणी केली?"

"अम्मीने. फोन करून बोलून ठेवलीय. तारीख बघा, जायच्या आदल्या आठवड्यातली आहे." उमैरने बटण दाबून मेसेज पुढे नेला. "खाली लिहिलंय, तुमचं नाव, तुमचा नंबर आणि तुमचा रेकॉर्ड केलेला आवाज फक्त ह्या कामापुरता वापरला जाईल. काम पूर्ण झालं की तो पुसला जाईल. प्रत हवी असेल तर ओळखपत्र घेऊन शाखेत यावं."

जमालुद्दीन ताटावरून उठला. हात धुवायचंही त्याला सुचलं नाही. "आवाज आहे त्यांच्याकडे," तो म्हणाला. "उमैर, आवाज आहे."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधीच तो दारात. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, हातात निकाहनाम्याची आणि मृत्यूच्या दाखल्याची पिशवी. लग्नाला निघाल्यासारखा गेला होता बिचारा. खिडकीवर काळ्या अबायातली एक तरुण मुलगी होती. तिने त्याला "या अम्म", म्हणजे काका, म्हणून बसायला सांगितलं, फोनवरचा मेसेज बघितला आणि कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं.

"ही तक्रार हनीफ दाऊद यांच्या नावावर आहे. ते तुम्ही?"

हनीफ म्हणजे मैमुनाचा धाकटा भाऊ, यान्बूला एका कारखान्याच्या कँटीनवर असलेला. मैमुनाने पहिला फोन घेतला तेव्हा तिचा इकामा नूतनीकरणाला गेला होता, आणि इकाम्याशिवाय सिम मिळत नाही. हनीफने आपल्या इकाम्यावर सिम काढलं आणि यान्बूहून खास येऊन बहिणीच्या हातात ठेवलं. आपल्या लोकांत ही रीतच आहे. एकाच्या नावावर दुसऱ्याचं सिम, तिसऱ्याच्या नावावर चौथ्याच्या घराचा करार. पुढे निवांत बदलून घेऊ म्हणतात, आणि तो निवांतपणा काही उगवत नाही.

"हनीफ माझा मेहुणा," तो म्हणाला. "पण बोललीय ती माझी बायको. हा बघा निकाहनामा. हा तिचा दाखला."

मुलीने दोन्ही कागद नीट वाचले. दाखला वाचताना तिचे डोळे मऊ झाले. "अल्लाह त्यांना जन्नत देवो. पण या अम्म, तुमच्या बायकोचं नाव आमच्याकडे कुठेच नाही. आमच्या लेखी तक्रारदार हनीफ आहेत आणि आवाज एका बाईचा आहे. ती बाई कोण, ते आम्हाला ठाऊक नाही. उद्या कुणीही येऊन म्हणेल, हा माझ्या घरातल्या बाईचा आवाज आहे, मला द्या. देऊ?"

जमालुद्दीनच्या दुकानात कुणी दुसऱ्याच्या नावाचं कार्टन मागायला आला असता, तर त्यानेही दिलं नसतं. उलट चार शब्द सुनावले असते.

"देऊ नका," तो म्हणाला. "एकदा ऐकवा फक्त. इथेच, तुमच्यासमोर."

"मलाच ऐकता येत नाही. माझ्या पडद्यावर नाव, कोपरा आणि आवाज बाईचा की पुरुषाचा, एवढंच येतं. आवाज आणि काय बोलल्या ते, दोन्ही बंद आहे." तिने पडदा त्याच्याकडे वळवल्यासारखं केलं आणि मग नियम आठवून पुन्हा सरळ केला. "हनीफ यांना घेऊन या. त्यांनी इथे बोटाचा ठसा द्यायचा आणि लिहून द्यायचं की हा नंबर माझी बहीण वापरत होती. मग तुमचे कागद चालतील. आवाज तुम्हाला मिळेल, मी स्वतः बघते."

"तो गावी आहे. सुट्टीवर. तोवर पुसू नका, मी हात जोडतो."

"पुसू नका म्हणायचा हक्कसुद्धा त्यांचाच आहे, आणि तोही इथे येऊनच. काम होईपर्यंत तक्रार उघडी राहील. काम पुरं झालं की बंद. बंद झाली की नाव, नंबर, आवाज, सगळं जातं. आम्हाला ठेवायची परवानगीच नाही." तिने कागद त्याच्याकडे परत सरकवले. "लोकांच्याच भल्यासाठी आहे हे."

ते जमालुद्दीनलाही कळत होतं. कळून काय उपयोग, त्याचा जीव टांगणीला लागला होता.

हनीफ म्हसळ्याला सुट्टीवर गेला होता आणि तिथेच त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. बहीण गेली तेव्हा तो दवाखान्यात होता. त्याला चार दिवस कुणी सांगितलंच नाही. आता जमालुद्दीनने फोनवर सगळं सांगितलं तसा तो हमसून हमसून रडायला लागला.

"भावजी, मी येतो. आजच तिकीट काढतो. बायच्या आवाजासाठी मी चालत येईन."

"येड्यासारखं बोलू नको. डॉक्टर काय म्हणतोय?"

डॉक्टर म्हणत होता, अजून महिनाभर विमानाचं नाव काढायचं नाही. मागून हनीफच्या बायकोचा आवाजही ऐकू येत होता, आणि ती जे म्हणत होती ते डॉक्टरपेक्षा कडक होतं. जमालुद्दीनने फोन ठेवला. हिशेब सरळ होता. हनीफ येईपर्यंत तो फुटपाथ होता कामा नये.

आता त्या कोपऱ्याबद्दल सांगायला हवं. जमालुद्दीनची इमारत गल्लीच्या तोंडाशी, आणि मशीद मोठ्या रस्त्यावर. मधल्या वळणावर फुटपाथच्या फरश्या उखडून कशाही पडलेल्या, मध्ये खड्डा, खड्ड्यात तुटकी केबल. दोन वर्षं तो कोपरा तसाच होता आणि त्या दोन वर्षांत जमालुद्दीनने बलदियाला जेवढी नावं ठेवली असतील, तेवढी दुसऱ्या कुणी ठेवली नसतील. आता मात्र तो रोज बाल्कनीतून त्या खड्ड्याकडे मायेने बघायचा. खड्डा जागेवर आहे म्हणजे मैमुना अजून त्या कचेरीत बोलतेय, असं त्याला वाटायचं. माणसाचं मन काय काय धरून बसेल याचा नेम नाही.

एका सकाळी कोपऱ्यावर लाल-पांढऱ्या पट्ट्या दिसल्या, नव्या फरश्यांची थप्पी दिसली. जमालुद्दीन तसाच लुंगीवर खाली उतरला, दुकानाची जुनी व्हॅन काढली, पट्टी बाजूला सारून पुढे घेतली आणि पुढची दोन चाकं फुटपाथवर चढवून व्हॅन खड्ड्यावर आडवी लावली. कामगार आले. मुकादम पेशावरकडचा, उंचापुरा.

"चाचा, गाडी हटाओ. काम करना है."

"बिगड गई है," जमालुद्दीन म्हणाला. "गिअरबॉक्स. पार्ट जर्मनी से आएगा."

व्हॅन जपानी होती. मुकादमाने व्हॅनकडे पाहिलं, चाचाकडे पाहिलं, आणि डोकं हलवून माणसांना पुढच्या गल्लीत नेलं. तिथे काम पुष्कळ होतं. दोन दिवसांनी तो परत आला तेव्हा पार्ट रियाधपर्यंत पोचला होता. आठवड्याने पोचलेला पार्ट चुकीचा निघाला. व्हॅनच्या काचेवर कुणीतरी इशाऱ्याचा कागद चिकटवला. जमालुद्दीनने तो हळूच सोलून खिशात घातला. शेजारपाजारचे लोक नाराज झाले, पण घरात नुकतंच दुःख झालेल्या माणसाला कोण बोलणार? ती सवलत जमालुद्दीनने अगदी वसूल केली.

उमैरला मात्र पहिल्या दिवशीच समजलं होतं.

"अब्बा, गाडी चांगली आहे ना?"

"चांगली आहे."

"अम्मीने तक्रार केली ती फुटपाथ नीट व्हावा म्हणूनच ना? आणि आपण..."

"हनीफ येऊ दे," जमालुद्दीन म्हणाला. "मग सोन्याच्या फरश्या लावा म्हणावं. तुला नाही ऐकायचा तिचा आवाज?"

खरं सांगायचं तर उमैरलाही ऐकायचा होता, बापाइतकाच. तो मूग गिळून बसला, आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला विचारलं तेव्हा त्यानेही गिअरबॉक्सच सांगितला.

गल्लीच्या आतल्या बाजूला नूरुद्दीनचाचा राहायचे. मूळचे खेडचे. मुलाकडे राहत, हातात काठी, आणि पाचही नमाजांना मशिदीत जायचा नेम. नुसता खड्डा होता तेव्हा ते खड्ड्याच्या कडेकडेने, भिंतीला हात लावत, सावकाश पार व्हायचे. व्हॅन आल्यापासून भिंत आणि व्हॅन यांच्यात माणूस जाईल एवढी जागा उरली नाही. मग चाचा फुटपाथवरून खाली रस्त्यावर उतरायचे, व्हॅनला वळसा घालायचे आणि पुन्हा वर चढायचे. जमालुद्दीनने ते पाहिलं होतं. पाहून नजर दुसरीकडे वळवली होती.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजाला जाताना, व्हायचं तेच झालं. चाचा व्हॅनच्या आडून रस्त्यावर आले आणि वळणावरून जेवणाचे डबे पोचवणारी मोटारसायकल आली. चालवणाऱ्याने ब्रेक दाबला, तो स्वतःही पडला. त्याच्या पेटीतलं जेवण रस्त्यावर सांडलं आणि त्यात नूरुद्दीनचाचा आडवे. जमालुद्दीन दुकानातून परतत होता. त्याने धावत जाऊन चाचांचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळ फुटलं होतं, मनगट भलत्याच कोनात वळलं होतं.

दवाखान्यात प्लास्टर घालून होईपर्यंत तो त्यांच्यापाशी बसून होता. चाचांचा मुलगा कामावरून यायचा होता. म्हाताऱ्याच्या दाढीला रक्त लागलं होतं, ते जमालुद्दीन ओल्या कापसाने पुसत होता, आणि त्याची नजर काही वर होत नव्हती.

"तू कशाला तोंड पाडून बसलास?" चाचा म्हणाले. "तुझा काय दोष? गाडी बिघडली त्याला तू तरी काय करणार? पार्ट यायला हवा ना बाबा."

चाचांनी जोड्याने मारलं असतं तर जमालुद्दीनला बरं वाटलं असतं. म्हातारा खरंच मानून चालला होता. जमालुद्दीनला वाटलं, सांगून टाकावं सगळं. पण सांगायला गेला तर मैमुनाचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ह्या रक्ताशेजारी तिचं नाव घ्यायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने नुसता चाचांचा चांगला हात दोन्ही हातांत धरला.

घरी न जाता तो तडक कोपऱ्यावर गेला. व्हॅनमध्ये बसला, किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू झाली. चहाच्या टपरीवरच्या लोकांनी माना वळवून पाहिलं; पाहू दे, म्हणाला तो. व्हॅन फुटपाथवरून उतरवून त्याने इमारतीमागे नेऊन लावली आणि तिथेच, इंजीन बंद करून, स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्याने रडला. मैमुना गेली त्या दिवशीही तो असा रडला नव्हता. त्या दिवशी तिच्यासाठी रडायला घरात माणसं होती. आज जे जाणार होतं ते त्याने स्वतःच्या हाताने मोकळं सोडलं होतं.

रडून झाल्यावर त्याने हनीफला फोन लावला.

"भावजी, डॉक्टरला पटवलंय मी. पुढच्या जुम्म्याला..."

"नको," जमालुद्दीन म्हणाला. "घाई नाही आता. नीट बरा होऊन ये."

"मिळाला आवाज?"

"तू तब्येतीला जप," तो म्हणाला आणि फोन बंद केला. हनीफला समजायचं ते समजलं असावं, कारण त्याने पुन्हा फोन केला नाही.

मुकादमाने दुसऱ्या दिवशीच कोपरा हाती घेतला. कारागीर हुशार होते, हां हां म्हणता फुटपाथ झाला. खालची केबल पुरली, वर करड्या फरश्या, कडेला पिवळी पट्टी, उतरायला छोटा ढाळ. जमालुद्दीन रोज कामगारांना थंड पाणी नेऊन द्यायचा. मुकादमाने विचारलं, "चाचा, जर्मनी का पार्ट आ गया?" "आ गया," तो म्हणाला आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

मग मैमुनाच्या फोनवर मेसेज आला. काम पूर्ण, तक्रार बंद, सहकार्याबद्दल आभार. जमालुद्दीन पुन्हा कचेरीत गेला. ह्या वेळी अत्तर नाही, पिशवी नाही. आशा अशी नव्हतीच, पण पाय तिकडेच वळले. खिडकीवरच्या मुलीने त्याला लांबूनच ओळखलं. तिने कॉम्प्युटरवर पाहिलं, आणि तिने मान वर करायच्या आधीच त्याला उत्तर कळलं.

"गेला, या अम्म. रात्रीच गेला. आपोआप जातो, कुणाला विचारत नाही."

"खलास," जमालुद्दीन म्हणाला.

तो वळला तशी तिने त्याला थांबवलं. "थांबा. आवाज गेला, नाव गेलं. पण तक्रार काय होती ते राहतं. ते आता कुणाचंच नाही, म्हणून सगळ्यांसाठी खुलं आहे. कुठला फुटपाथ का दुरुस्त केला, ते आम्ही वेबसाइटवर टाकतो. ओळखीचं सगळं काढून." तिने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "अरबीत आहे. घरी कुणी वाचणारं आहे ना?"

उमैर कामावरून आला तेव्हा जमालुद्दीनने चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. उमैरने मोबाइलवर ते पान उघडलं. शहरभरच्या फुटपाथांची लांबलचक जंत्री होती. त्यात त्याने आपली गल्ली शोधली, आधी स्वतः वाचलं, आणि मोबाइल खाली ठेवला.

"वाच की," जमालुद्दीन म्हणाला.

"सरकारी भाषेत आहे, अब्बा. अम्मीचे शब्द नाहीत हे."

"असू दे. वाच."

उमैर एकेक वाक्य मराठीत करत वाचायला लागला. "कोपऱ्यावरील फरश्या उखडल्यामुळे कुटुंबातील एक ज्येष्ठ व्यक्ती पहाटे मशिदीत जाताना फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालते. त्या वेळी वाहने वेगात असतात. वारंवार सांगूनही सदर व्यक्ती ऐकत नाही." त्याने पान वर सरकवलं. "सदर व्यक्ती घरी परत येईपर्यंत तक्रारदार रोज खिडकीत उभी असते. तरी काम लवकर व्हावे, ही विनंती."

मग जमालुद्दीनने विचारलं, "सदर व्यक्ती म्हणजे कोण रे?"

"तुम्ही, अब्बा."

ते त्याला कळलं होतं. पहाटे तो परत यायचा तेव्हा चहा उकळत असायचा आणि मैमुना ओट्यापाशी पाठमोरी असायची. तो समजायचा, आत्ताच उठली असेल. येताना त्याने एकदाही मान वर करून खिडकीकडे पाहिलं नव्हतं. ती तिथे उभी राहायची, तो वळणावर दिसला की आत जायची आणि चहा टाकायची. दोन वर्षं हे चाललं, आणि खिडकीत उभं राहण्याबद्दल ती एका शब्दाने बोलली नव्हती. बोलली ती परक्यांपाशी, बलदियाच्या यंत्रापाशी. आणि तिने ज्याच्यासाठी तो रस्ता मागून घेतला, तोच व्हॅन घेऊन त्यावर आडवा पडला होता.

तिचा आवाज मिळावा म्हणून त्याने जंग जंग पछाडलं होतं. ती नेमकं काय म्हणाली असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"पुन्हा वाच," तो म्हणाला. उमैरने पुन्हा वाचलं. "वारंवार सांगूनही" इथे जमालुद्दीनने हात वर करून त्याला थांबवलं. तो डोळे मिटून बसला. जेवताना सांगितलं असेल. निघताना, दारात चपला घालताना सांगितलं असेल. तो ते वाक्य तिच्या तोंडून आठवायचा प्रयत्न करत होता; एखादी वेळ, एखादा दिवस, रागाने म्हटलेलं, काकुळतीने म्हटलेलं, कसंही.

"अब्बा," उमैरने हळूच विचारलं, "अम्मी तुम्हाला बोलली होती का कधी?"

"बोलली असणार," जमालुद्दीन म्हणाला. "मी ऐकलं नाही."